नर्सबाईची नात

पुण्याहून निघालेली रात्रीची गाडी सकाळी लातूरला पोचली, तर गंजगोलाईत चहाचीसुद्धा टपरी उघडी नाही. येळवस होती. पंचांगात हिला दर्शवेळा अमावास्या म्हणतात, पण लातूर-धाराशिवकडं येळवसच. त्या दिवशी अख्खं शहर डबे बांधून रानात जातं आणि रस्ते संचारबंदी लागल्यासारखे मोकळे पडतात. हे ठाऊक असूनही मी चहाच्या भरवशावर उतरले, चूक माझीच.

आजी गेली त्यानंतरची ही पहिली येळवस. आईचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून या वर्षी आजोळी मी एकटी.

एसटीत चालक-वाहक धरून नऊ माणसं. औसा मागं पडलं की दोन्ही बाजूंना ज्वारी, मधेच हरभऱ्याचा पट्टा. लामजना पाटीपासून गावांची तऱ्हा बदलते. रस्ते सरळ आखलेले, घरं एका मापाची, मधे नको तेवढी जागा. ही 1993 नंतर वसवलेली गावं. 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरंच अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे 10 हजार माणसं गेली.

आजी तेव्हा इथल्याच एका आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणारी नर्स होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिला आवडलं नसतं. भूकंपाचं विचारलं की ती फक्त पावसाचं सांगायची. दुसरं काही नाही. तिची जुनी रजिस्टरं आईनं जपून ठेवलीत: गरोदर बाई, महिना, वजन, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळं टाकानं लिहावं तसं ठसठशीत. एकही दिवस न चुकवणाऱ्या या बाईची त्या आठवड्याची पानं मात्र कोरी आहेत.

ती नोकरीला लागली 1963 साली. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बदली व्हायची आजीची आणि तिच्या मागं जायला अर्ज करायचे आजोबा. त्या काळात हे किती हसण्यावारी गेलं असेल! लोक त्यांना ‘नर्सबाईचे मास्तर’ म्हणत. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की सायकल काढायची, आजीला मागं बसवायचं, तिच्या हातात कंदील. मग कुणाच्या तरी ओट्यावर पहाटेपर्यंत वाट बघायची आणि तिथून थेट शाळा. शेवटची सहा वर्षं आजोबा अर्धांगानं अंथरुणात होते. आजी घड्याळ लावून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची. सहा वर्षांत पाठीवर एक जखम झाली नाही.

आई मात्र या कौतुकात कधी सामील होत नाही. “गावच्या लेकरांना ताप आला की ती धावायची, आम्हाला आला की गोळी ठेवून जायची,” असं तिनं आजीच्या तोंडावर म्हटलेलं मी ऐकलंय. आजीनं उत्तर दिलं नव्हतं. शेंगा फोडत बसली होती.

थांब्यावर उतरून विचारत विचारत वावरात पोचले. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, कुणी चांगभलं म्हणत पिकाभोवती आंबील शिंपडत होतं. शेताच्या मालकाचा जन्म 1993 च्या ऑक्टोबरातला, पत्र्याच्या शेडात. बाळंतपण अर्थात आजीनं केलेलं. त्याची आई माझ्याकडं बघतच राहिली.

“नर्सबाईची नात व्हय? कधी आलाव? बसा की.” आणि लगेच, “तुझ्या आजीनं लई शिव्या घातल्या बग मला.”

शिव्यांचं कारण नाळेवरची राख. सासूनं भोळेपणानं लावली होती, सगळीकडं लावतच. आजीनं ती पुसली, सासूला बाहेर काढलं आणि आठ दिवस रोज चक्कर मारली. राखेतून, शेणातून धनुर्वात होतो आणि बाळ दूध ओढायचं थांबतं, हे त्या शेडात कुणाला माहीत? “तवा राग आला व्हता,” बाई म्हणाल्या. “आता हा एवढा झाला.” हा एवढा म्हणजे सहा फुटी, मिशा.

मग नारूची गोष्ट निघाली. बारवेत पायऱ्यांनी उतरून पाणी भरायचे, नारू झालेला माणूसही त्याच पाण्यात पाय घालायचा. पायातून निघालेला तो दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजलाच. आजी घरोघरी जाऊन पाणी फडक्यानं गाळायला लावायची. पाण्यातल्या बारीक जीवांतून नारू पोटात जातो, ते फडक्यावर अडकतात. इतकाच सोपा उपाय, पण पटवायला वर्षं लागली. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्याच वर्षी आजी निवृत्त झाली. निरोपाला शाल मिळाली. पाळणा लांबवायला तांबी (कॉपर-टी) बसवून घ्या म्हणून जिनं ज्यांची दारं झिजवली, त्या बायकांनी मात्र तिला पोतंभर ज्वारी दिली होती म्हणे. आम्हाला घरी हे कुणी सांगितलं नव्हतं.

पानं वाढली. भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे. सकाळपासून चहासुद्धा पोटात नव्हता, मी थेट हात घातला.

“ताई, हात धुतले का?” पाच-सहा वर्षांचा नातू तांब्या घेऊन उभा. बोटं ओली करून मी पुढं झाले, तर म्हणतो, “कोपरापर्यंत.”

लहानपणी आजीच्या या ‘कोपरापर्यंत’चा मला भयंकर वैताग यायचा. उठले, धुतले. तो शेवटपर्यंत पाणी ओतत राहिला.

निघताना बाईंनी माझ्या पाण्याच्या बाटलीत आंबील भरून दिली, आईसाठी. उन्हात ती फसफसली आणि औशाच्या अलीकडं झाकण उडालं. अर्धी बॅगेत सांडली, अर्धी पुण्याला पोचली. आईनं ती उभ्या उभ्याच प्यायली.