जुनी आवृत्ती पुसायची नाही

उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात एक फाईल सर्व्हर आहे. आसपासच्या वर्कशॉपना लागणारे ड्रायव्हर, मोफत मिळणारी सॉफ्टवेअरं, आमची स्वतःची बिलिंगची पॅकेजं, सगळं त्यावर असतं. फोल्डर लावायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मला मनापासून आवडतं.

जागा भरत आली की पहिली सूचना ठरलेली, ‘जुनं उडवा की.’ मी उडवत नाही. इथं कित्येक मशीनांना जोडलेले कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर चालतात. त्यांना ३२ बिटचा जुनाच इन्स्टॉलर लागतो, नव्याचा काही उपयोग नाही. कॉम्प्युटर बसला की मशीन बंद, मशीन बंद की ऑर्डर अडकली. मोफत सॉफ्टवेअर बनवणारी अपाची फाउंडेशन ही संस्था डाउनलोडच्या पानावर चालू आवृत्त्याच ठेवते, पण मागच्या सगळ्या वेगळ्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या फायलींच्या साठ्यात, जपते. डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचंही तसंच. एवढ्या मोठ्या प्रकल्पांना जुन्याची किंमत कळते, मग आपण का पुसायचं?

मांडणी साधी आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरचा एक फोल्डर आणि त्यात आवृत्तीच्या नंबरानं पोटफोल्डर. फाईलच्या नावातही नंबर हवाच, कारण पेनड्राइव्हवर गेलेल्या फाईलसोबत फोल्डर जात नाही. नुसतं ‘सेटअप’ नाव असलेली फाईल महिन्याभरानं कुणालाच ओळखता येत नाही. ‘लेटेस्ट’ हा फोल्डर नसून फक्त लिंक आहे, आज एका नंबरावर, उद्या दुसऱ्या. चालत्या मशीनसाठी मी ती लिंक कधीच देत नाही, पक्का नंबरच देतो. आणि हो, साध्या अक्षरक्रमात १.१० हे नवीन असूनही १.९ च्या आधी दिसतं, तेव्हा यादीतलं शेवटचं ते नवीन असं धरू नका.

सगळ्यात कडक नियम असा, की एकदा ठेवलेली फाईल त्याच नावानं बदलायची नाही. एका अक्षराची दुरुस्ती असली तरी नवा नंबर. तरच शेजारी ठेवलेल्या शा-२५६ चेकसमला, म्हणजे फाईल बदलली की बदलणाऱ्या ओळखखुणेला, अर्थ राहतो. तोही पुरेसा नाहीच. सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस फाईलसोबत चेकसमही बदलू शकतो, म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासायची. पण तीही दर वेळी पुरत नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत तर देखभाल करणाऱ्यांपैकीच एकानं चोरवाट घातली होती, आणि ती चालू करणारा तुकडा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडच्या साठ्यात, नव्हता, डाउनलोडच्या टारबॉलमध्ये, म्हणजे बांधून दिलेल्या फाईलमध्ये, होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना ती सापडली. त्यामुळे फाईल कुठून घेतली, कधी घेतली, हे मी प्रत्येक फोल्डरात लिहून ठेवतो. संशय आलाच तर नेमकी कोणती आवृत्ती कुणाला दिली ते शोधता येतं.

दुसरी प्रत गावाच्या उंच भागात, वरच्या मजल्यावर आहे. २०१९ चा पूर पाहिल्यावर ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तुमच्या वर्कशॉपात जुन्या मशीनसोबत आलेली ड्रायव्हरची सीडी पडून असेल, तर ती खराब व्हायच्या आत घेऊन या. कॉपी करून लगेच परत देतो.