शिपाईमामांचा हात

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा म्हणून फोन आला, तेव्हा मी एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होतो. गेली तीस वर्षं नाशकातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढतो आणि तपासतो. आमच्या १९८८ च्या दहावीच्या बॅचला याचं अजून हसू येतं. कारण नववीत फुटलेला गुडघा पाहून मी पाण्याच्या टाकीपाशी आडवा झालो होतो. गुडघा माझा नव्हताच, बाकावरच्या जोडीदाराचा होता.

विज्ञानाला बाई होत्या. सहामाहीच्या पेपरात मी झोकात लिहिलं, 'गंगापूर धरणाप्रमाणे हृदय रक्त साठवते.' बाईंनी 'साठवते'खाली लाल रेघ मारून मार्क कापला. मी भांडायला गेलो.

"धरणाचं पाणी आवर्तन सुटेपर्यंत थांबतं. हृदयाचं थांबलं तर? मनगट धर आणि मोज."

मिनिटाला ७२ भरले. मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. तासाला तीनशे! फळ्यावर तो आकडा पाहून वर्ग गप्प झाला. पूर्वी लोक समजत, खाल्लेल्या अन्नातून यकृत नवं रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून टाकतं. "मग तासाला दीड पिंप रक्त बनवायला किती भाकऱ्या लागतील?" बाईंनी विचारलं. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं याच चालीचा हिशेब १६२८ साली पुस्तकात मांडला होता. अंगात रक्त असतं पाचेक लिटर, तेव्हा तेच फिरून येत असणार.

पण बाईंचं समाधान हिशेबावर कधी व्हायचं नाही. त्यांनी शिपाईमामांना बोलावलं. "मामा, जरा हात द्या." वर्षानुवर्षं घंटा बडवून मामांच्या हातावर दोरखंडासारख्या शिरा आल्या होत्या. बाईंनी कोपराच्या वर रुमाल बांधला, तशा त्या आणखी टरारल्या. मध्ये मध्ये गाठी दिसायला लागल्या. मला पुढे ओढून त्या म्हणाल्या, "मनगटाकडं एक बोट दाबून ठेव. दुसऱ्यानं शीर कोपराकडं निपटत ने, गाठीच्या पुढं." मी नेलं. शीर चपटी झाली, आणि वरचं बोट उचललं तरी रिकामीच राहिली. गाठीच्या पलीकडं रक्त तटतटलेलं, पण मागं येईना. खालचं बोट काढल्याबरोबर सर्रकन भरली. गाठ म्हणजे झडप, रक्ताला फक्त हृदयाकडं जाऊ देणारी. हीही हार्वेचीच युक्ती. मामा म्हणाले, "बाई, हात माझाय, परत द्या, तास व्हायचाय."

त्या दिवशी मला चक्कर आली नाही.

फुप्फुसांचा धडा पानाच्या टपरीवरच्या चुन्यावर झाला. निवळीत पपईच्या देठानं फुंकलं की ती दुधाळ होते, कारण आत घेतलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के आणि सोडलेल्या हवेत चारेक टक्के. आमच्यापैकी दोघांनी फुंकायच्या ऐवजी ओढलं, त्यावर जास्त लिहीत नाही.

रोगप्रतिकारशक्तीला मात्र बाईंनी सगळ्यांच्या डाव्या बाह्या वर करायला लावल्या. आमच्या दंडांवर बीसीजीचे वण, बाईंच्या दंडावर देवीच्या लशीचा मोठा. पुस्तकात पांढऱ्या पेशींना सैनिक म्हटलं होतं. बाईंना ते अपुरं वाटे. या सैन्यातल्या काही पेशी एकदा भेटलेला जंतू वर्षानुवर्षं ओळखतात, लस त्यांना ती ओळख आधीच करून देते, हे त्यांनी त्या वणांवर बोट ठेवून सांगितलं.

गेल्या पावसाळ्यात बाई लॅबमध्ये आल्या. डेंग्यूचे दिवस, अंगात ताप. त्यांच्या शिरा आता दोऱ्यासारख्या झाल्यात. मी चाचपत राहिलो, तर म्हणाल्या, "मूठ आवळायला सांग की." जांभळ्या झाकणाची नळी भरली, मशीननं प्लेटलेट दिल्या ६२,०००. दीड ते साडेचार लाख असायला हव्यात. मी जरा बिचकतच सांगितलं.

"मशीन म्हणालं, की तू मोजल्यास?"

काचपट्टी केली, रंगवली, मायक्रोस्कोपखाली सरकवली. कडेला प्लेटलेटचे पुंजके होते. काही जणांचं रक्त त्या नळीतल्या रसायनात असं गोळा होतं, मग मशीनला पुंजक्यातल्या प्लेटलेट सुट्या दिसत नाहीत आणि आकडा पडतो. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यावं लागणार होतं.

"बाई, परत टोचावं लागेल."

बाईंनी दुसरा हात पुढे केला. मूठ आधीच आवळलेली होती.