"मनावर घे की भावा!"

आज रंकाळ्यावर जुना मित्र भेटला. ऑनलाइन रमीपायी दुकान गहाण पडलंय. (त्याला विचारूनच लिहितोय.) सोबतचे सगळे म्हणत होते, मनावर घे, सुटतंय. मला रागच आला. जुगार आणि दारू, दोन्ही मेंदूतल्या डोपामिनच्या (ओढ लावणाऱ्या रसायनाच्या) त्याच यंत्रणेवर ताबा मिळवतात. डाव कधी लागेल ठाऊक नसतं, म्हणूनच ओढ जास्त. हळूहळू खेळण्यातली मजा आटते, तलफ मात्र वाढत जाते. आणि 'थांब' म्हणणारा कपाळामागचा भागच दुबळा पडतो. मनावर घ्यायचं कशाच्या जोरावर? अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये जुगाराला दारू-ड्रग्जच्याच गटात घातलं. यावर उपचार आहेत. उद्या आम्ही दोघं सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) मानसोपचार विभागात जातोय.