कार्बन पीएलएची ओलावा-पट्टी : थर, तांबं आणि भुसावळचं ऊन

केळीच्या बागेत जमिनीचा ओलावा मोजायची पट्टी घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापायचं काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. वीज वाहणारं फिलामेंट (प्रिंटरमध्ये वितळवून थर घालायची प्लास्टिकची तार) ज्यांनी अजून हाताळलेलं नाही, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

हे फिलामेंट म्हणजे पीएलए या नेहमीच्या छपाईच्या प्लास्टिकमध्ये मिसळलेला कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक पूड. कणाला कण टेकेल तेवढीच विजेला वाट. प्रोटो-पास्ता कंपनीच्या फिलामेंटचा विशिष्ट रोध (पदार्थ विजेला किती अडवतो त्याचं माप) थराच्या दिशेने ३० ओहम-सेंमी आणि थर ओलांडताना ११५. म्हणजे २ बाय २ मिमी जाडीची, १० सेंमी लांब पट्टी आडवी छापली तर ७,५०० ओहम. तीच उभी छापली तर जवळपास २९,०००! तेवढ्याच तांब्याला अर्धा मिलीओहमही भरत नाही. तेव्हा वीज कुठून कुठे जाणार हे आधी ठरवा आणि मगच स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) पार्ट ठेवा. इनफिल, म्हणजे आतला भराव, १०० टक्के. तांबं भरलेलं इलेक्ट्रिफाय नावाचं फिलामेंट ०.००६ ओहम-सेंमीपर्यंत उतरतं, पण महाग पडतं, आणि मला इथे मोठा प्रवाह न्यायचाच नाहीये.

ओलावा मोजायला कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, पुरतो; ती भोवतालच्या पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाप्रमाणे बदलते. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५; फरक ठसठशीत दिसतो. मात्र बाजारातल्या सेन्सरसारखी मेगाहर्ट्झची फ्रिक्वेन्सी इथे चालत नाही. पट्टीचा रोध १० किलोओहम आणि कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरले तरी टाइम कॉन्स्टंट (चार्ज व्हायला लागणाऱ्या वेळेचं माप) १ मायक्रोसेकंद होतो, म्हणजे १ मेगाहर्ट्झच्या एका पूर्ण आवर्तनाएवढा; पट्टीला नीट चार्ज व्हायला वेळच मिळत नाही. मी २० किलोहर्ट्झवर चालवतोय, रीडिंग स्थिर येतं.

खरी डोकेदुखी जोडाची. तार नुसती दाबून धरली की मीटरवरचा आकडा नाचत राहतो. म्हणून सोल्डरिंग गनने तापवलेली तार प्लास्टिकमध्ये रुतवली आणि त्या टोकावर तांब्याचा मुलामा चढवला. मोरचूद (कॉपर सल्फेट) कृषी केंद्रात मिळतं, बोर्डो मिश्रणासाठी सगळे नेतातच. त्याच्या द्रावणात थोडं बॅटरीचं ॲसिड (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही; हातमोजे आणि चष्मा हवाच), धन टोकाला जाड तांब्याची तार आणि करंट अगदी कमी. तांबं आधी तारेच्या मुळाशी गुलाबी धरतं आणि तिथून काळ्या प्लास्टिकवर हळूहळू सरकत जातं. घाई करून करंट वाढवला की थर भुरभुरीत होतो. मुलाम्यावर सोल्डर करू नका, खालचं पीएलए वितळतं. स्क्रूने लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) आवळा.

आता उन्हाचं. पीएलए ६० अंशांच्या जवळ मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, मग उन्हातल्या काळ्या प्लास्टिकचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून पट्टी पूर्ण जमिनीत, आणि वरचं डोकं पांढऱ्या पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकचं; ते ८० च्या आसपासपर्यंत टिकतं. पीएलए आणि पीईटीजी एकमेकांना नीट चिकटत नाहीत, त्यामुळे खाच ठेवून बसवलंय.

काळ्या मातीला भेगा पडल्या की पट्टीभोवती हवा शिरते आणि जमीन आहे त्यापेक्षा कोरडी दिसते. म्हणून पट्टी ड्रिपरच्या जवळ, माती घट्ट दाबून लावलीय. कमी फ्रिक्वेन्सीवर क्षारांचा परिणाम जास्त होतो, त्यामुळे आता ठिबकमधून खत सोडण्याआधीची आणि नंतरची रीडिंग शेजारी शेजारी घेतोय. कुणी खारवट जमिनीत असं काही लावलं असेल तर आकडे जरूर टाका, भाऊ.