गॅरेजमधला सर्जन

हॅरी बंकी हे नाव मी परवा दादर-ठाणे लोकलमध्ये मोबाईलवर वाचलं आणि स्टेशन चुकता चुकता राहिलं. कॅलिफोर्नियातला प्लास्टिक सर्जन, घरच्या गॅरेजमध्ये लॅब थाटली, बायको पण डॉक्टर, ती मदतीला, आणि उद्योग काय तर सशाचा कापलेला कान परत जोडायचा! रक्तवाहिनी जेमतेम १ मिलिमीटरची, तेवढी बारीक सुईच मिळेना, मग याने धाग्याच्या टोकालाच धातूचा मुलामा देऊन सुई बनवली. जुगाडच की हा, आपल्या कुर्ल्याच्या गॅरेजवाल्यांना आवडला असता. अनेक ससे फुकट गेले, शेवटी १९६४ ला जमल्याचं छापून आलं. पुढच्याच वर्षी जपानात कोमात्सू आणि तामाई या सर्जननी माणसाचा पूर्ण तुटलेला अंगठा जोडला.

शिवून झालं म्हणजे सुटलो असंही नाही, नंतर रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झाली की सगळी मेहनत पाण्यात. आमच्या चाळीतले एक काका पॉवर प्रेसवर होते, त्यांचा अंगठा तुटला तेव्हा लोकांनी तो थेट बर्फात टाकून नेला. तसं करू नका हां, बर्फाने पेशी मरतात. ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि ती बंद पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची.