तुम्ही विचारलंत म्हणून: फीड कमी केला की झालं ना?

‘मिलिंग मशीनवर लोड मीटर आहे, सॉफ्टवेअर आहे, मग वहीत जोराची गणितं कसली मांडता?’ गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आयटीआयमधून नव्याने आलेलं प्रत्येक पोर मला हे विचारतं. फोंड्याला घरी येणारे पाहुणेही विचारतात. त्यांना वाटतं मी घरखर्च लिहितोय. आता तुम्हीही विचारलंत, की फीड, म्हणजे कटर मालात पुढे सरकण्याचा वेग, कमी केला की झालं ना, तर एका जॉबची गोष्ट सांगतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात 30 मिलिमीटर खोल पॉकेट, म्हणजे खळगा, करायचं होतं. 10 मिलिमीटर व्यासाचा कार्बाइड एंडमिल, म्हणजे दाते असलेला फिरता कटर; त्याला धरणाऱ्या कोलेटच्या बाहेर 50 मिलिमीटर. फिनिशिंग झाल्यावर मोजलं तर भिंतीवर प्रत्येक बाजूला 70 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) माल शिल्लक. आमचे जुने ऑपरेटर मामा म्हणाले, ‘ऑफसेट दे रे.’ म्हणजे कटरची वाट तेवढी भिंतीकडे सरकव. दिला. सरळ भिंती मापात आल्या, कोपरे काही येईनात. तिथे कटर असा किंचाळायचा की पत्र्यावरचा पाऊस बरा. मग मी शहाणपणा करून फीड अर्धा केला. किंचाळणं तसंच राहिलं, कोपऱ्यात माल उरायचा तो उरलाच, आणि वेळ मात्र दुप्पट लागला.

फीड अर्धा म्हणजे जोर अर्धा, असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटायचं. ऑटो किंझ्ले नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1952 साली जे सूत्र मांडलं, त्यात जोर चिपच्या, म्हणजे निघणाऱ्या कीसाच्या, रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या साधारण पाऊण घातानेच वाढतो. म्हणजे जाडी निम्मी केली तरी जोर 60 टक्के उरतो. चिप जितकी पातळ, तितकी दर मिलिमीटरमागे महाग.

कारण धार म्हणजे काही शून्य जाडीची रेघ नव्हे, तिला काही मायक्रॉनची गोलाई असते. आमचा दातामागे फीड (प्रत्येक दातागणिक कटर सरकतो ते अंतर) 0.06 मिलिमीटर आणि बाजूने कट 1 मिलिमीटर होता. एवढ्या उथळ कटात चिपची सर्वांत जास्त जाडी भरते 36 मायक्रॉन. मी ती 18 वर आणली. तेवढ्या पातळ चिपेत धार कापते कमी, घासते जास्त. बोथट आडोळीवर, म्हणजे विळीवर, इसवणाची (सुरमईची) पातळ तुकडी करून बघा, मांस कापण्याऐवजी चेंगरतं.

कोपऱ्यात तर समोर आणि बाजूला दोन्हीकडे माल. दात जास्त वेळ धातूत राहतो, चिप जाड होते, जोर उसळतो. कटर एका टोकाला धरलेली काठीच ती, जोर बदलला की वाकणंही बदलतं. मग सरळ भिंतीसाठी दिलेला ऑफसेट कोपऱ्याला कसा पुरणार?

आता वहीतलं मुख्य पान. 200 न्यूटन, म्हणजे साधारण 20 किलोचं ओझं, कटरच्या टोकाला आडवं लावलं असं मानलं. फ्लूट, म्हणजे कटरवरच्या खाचा, वजा करून 10 चा कटर 8 चा धरला. 50 मिलिमीटर बाहेर असताना तो जवळपास 70 मायक्रॉन वाकतो. वाकणं लांबीच्या घनाने वाढतं, म्हणून कटर 15 मिलिमीटर आत सरकवला की तेच वाकणं एक तृतीयांशावर येतं. पॉकेट 30 च खोल होतं! कटर उगाच बाहेर लोंबत होता. आम्ही तो 35 वर बांधला, कोपऱ्यांतला माल आधी 6 च्या कटरने काढला, फीड पुन्हा 0.06 वर नेला. मामा काही बोलले नाहीत, पण पुढच्या जॉबला कटर बांधताना पट्टी मागून घेतली.

लोड मीटर यातलं काही सांगत नाही. तो स्पिंडलची, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याची, सरासरी ताकद (पॉवर) दाखवतो, दात धातूत असतानाचा क्षणिक जोर नाही, आणि कटरला भिंतीपासून ढकलणारा आडवा जोर तर नाहीच. फिनिशिंगला त्याचा काटा जेमतेम हलतो. खरं मोजायचं तर जॉबखाली क्वार्ट्झच्या स्फटिकांचा डायनॅमोमीटर, म्हणजे जोर मोजणारं यंत्र, हवा, आणि तो आमच्यासारख्या शॉपला परवडत नाही.

तरी मीटर अगदीच टाकाऊ नाही. स्टीलचा नवा माल आला की मी आधी स्पिंडल हवेत फिरवून आकडा घेतो, मग भरपूर कट देऊन दुसरा घेतो, आणि वजाबाकीतल्या ताकदीला मिनिटाला निघालेल्या मालाने भागतो. त्यातून चिपच्या दर चौरस मिलिमीटर छेदाला किती जोर लागतो ते कळतं. पुस्तकातल्या तक्त्यात मध्यम कार्बन स्टीलला 2000 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास दिलेलं असतं, पण ते 1 मिलिमीटर जाड चिपेसाठी. आमच्या चिपा त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही नसतात, त्यामुळे माझा आकडा नेहमी वरच येतो. तो मी पेन्सिलीने लिहितो, पुढचा माल आला की खोडता यावा म्हणून.