प्रशिक्षणाला निघालात? आधी पोत्यात काय भरताय ते बघा

लहान खाणवाल्यांसाठीचं पाच दिवसांचं प्रशिक्षण करून परवाच परतलो. विषय होता, दगडातलं सोनं पाऱ्याशिवाय कसं काढायचं. पुढच्या तुकडीत कुणी जाणार असेल तर माझ्या चुका त्यांच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून लिहितोय.

पहिली चूक निघण्याआधीच करून ठेवली होती. येताना आपल्या खाणीतला वीसेक किलो दगड आणा, असं कळवलं होतं. मी शिरेतले, म्हणजे खडकातल्या सोनं असलेल्या पट्ट्यातले, चांगले चमकणारे तुकडे वेचून पोतं भरलं. आपला माल चार लोकांत उठून दिसावा, एवढीच अक्कल. प्रशिक्षक बाईंनी पोतं फरशीवर रिकामं करायला लावलं, एक तुकडा हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, "अहो, उरलेली खाण कुठे ठेवून आलात?" सगळे हसले, मीही हसलो. पण त्या दगडावरून माझ्या खाणीबद्दल पाच दिवसांत काहीच कळणार नव्हतं.

तेव्हा तुम्ही नमुना असा घ्या: शिरेला आडवी, तिच्या पूर्ण रुंदीभर, सारख्या खोलीची चर काढा आणि त्यातून निघेल ते सगळं घ्या, भुसभुशीत मातीसुद्धा. ते बारीक फोडून ताडपत्रीवर शंकूसारखा ढीग करा, वरून दाबून चपटा करा, चार वाटण्या पाडा. समोरासमोरच्या दोन ठेवा, दोन काढून टाका. हवा तेवढा माल उरेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. काम कंटाळवाणं आहे, पण प्रयोगशाळेत भट्टीत जातो तो जेमतेम ३० किंवा ५० ग्रॅमचा चिमूटभर माल. त्यात एखादा जाडसर सोन्याचा कण आला की खाण कुबेराची, नाही आला की भिकाऱ्याची. त्यामुळे एका आकड्यावर विसंबू नका, दोन-तीन नमुने वेगवेगळे तपासायला द्या.

दुसऱ्या दिवशी मी यंत्रं बघायला आसुसलो होतो, आणि बाईंनी आम्हाला बादल्या दिल्या. धुवणीच्या पन्हळीतून दळलेला दगड पाण्यासोबत वाहतो आणि जड सोनं तळाशी अडतं; तिच्या शेपटाशी उभं राहून दर दहा मिनिटांनी वाहता गाळ कापून घ्यायचा, प्रवाहाच्या या काठापासून त्या काठापर्यंत. दुपारी फळ्यावर हिशेब मांडला. समजा, दगडात टनामागे ५ ग्रॅम सोनं आहे आणि टाकलेल्या गाळात २ ग्रॅम सापडलं. हाती आलेला जड माल वजनाने इतका थोडा असतो की गाळाचं वजन जवळजवळ दगडाएवढंच धरायचं. म्हणजे शंभरातले चाळीस भाग सोनं आपणच फेकून दिलं. माझ्या शेजारचा गृहस्थ बराच वेळ फळ्याकडे बघत बसला होता. त्याच्याकडे म्हणे वीस वर्षांचा गाळाचा ढीग पडलाय.

सोन्याची घनता १९.३, गारेची, म्हणजे सोनं ज्यात असतं त्या पांढऱ्या दगडाची, २.६५. एवढा फरक असताना सोनं वाहून जातंच कसं? एक तर ते गारेत अडकलेलं असतं, दळण जाड राहिलेलं असतं. नाहीतर दळण अती होतं आणि मऊ सोनं ठोकून पापुद्र्यासारखं चपटं होतं, मग पाण्यावर तरंगत निघून जातं. म्हणून एकदम पीठ करायचं नाही. थोडं दळा, सुटलेलं सोनं काढून घ्या, उरलेलं पुन्हा दळा. फिरत्या पिंपात गोळे आपटून दगड दळणाऱ्या गोळ्यांच्या गिरणीचा वेग वाढवला की दळण वाढतं, हा माझा समज इथेच मोडला. एक मीटर व्यासाच्या गिरणीत मिनिटाला साधारण ४२ फेऱ्यांच्या पुढे गोळे भिंतीला चिकटूनच फिरतात, दळत काहीच नाहीत. तिशीच्या आसपास ठेवा.

सोनं धरून ठेवतो म्हणून आपण पारा वापरतो, त्याबद्दल कान टोचले जातील, त्याला तयार राहा. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ पासून लागू आहे. सगळ्या दळणात पारा कालवणं आणि पारा-सोन्याचा गोळा उघड्यावर जाळणं बंद करायचं, असं त्यात आहे. कायदा राहू द्या, नुसता हिशेब केला तरी पटतं. दळताना पाऱ्याचे बारीक थेंब होतात आणि ते सोनं पोटात घेऊन गाळात जातात. फिलिपिन्समधल्या बेंगेट भागातले खाणकरी पाऱ्याऐवजी टाकणखार (बोरॅक्स) घालून सोनं मुशीत वितळवतात, ते आम्ही करून पाहिलं. जड माल आधी पाटीत अगदी सोनाराकडची राख धुवून सोनं काढणाऱ्या झारेकऱ्याच्या हाताने निवळून घ्यावा लागतो. माझा नीट निवळला नव्हता, तर मुशीत नुसता काचेसारखा मळ झाला. दुसऱ्या खेपेला तळाशी मण्याएवढं पिवळं दिसलं. ही पद्धत पाटीवरच्या हातावर उभी आहे. तो हात बसायला दोन दिवस पुरत नाहीत.

हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राभोवती सगळ्यात जास्त गर्दी होती. दगडाला लावलं की पडद्यावर आकडे. तांबं, शिसं, आर्सेनिक यांचा माग काढायला झकास, पण टनामागे चार-पाच ग्रॅम सोनं त्याला दिसत नाही. त्यासाठी पैसे साठवत असाल तर थांबा.

संध्याकाळी आवारातून निघताना कपडे आणि बूट तिथेच ठेवायला लावायचे. मला हे अती वाटलं होतं, झांफाराची गोष्ट ऐकेपर्यंत. नायजेरियातल्या या राज्यात २०१० मध्ये शिसं असलेला सोन्याचा दगड लोकांनी घराच्या अंगणात दळला, आणि त्या धुळीने चारशेहून अधिक लहान मुलं गेली.

सामानाचं थोडक्यात. बूट वापरून रुळलेले न्या. धुळीचा मुखवटा आपल्या तोंडाच्या मापाचा, स्वतःचा असू द्या. दाढी काढूनच जा. दाढीवर तो बसत नाही, माझे पहिले दोन दिवस कडेने धूळ ओढण्यात गेले. वही पेन्सिलीने लिहा, शाई पाण्याने पसरते. आणि दोन पिशव्या न्या: एक दगडाची, दुसरी तुमच्या जुन्या गाळाची. दुसरी कुणी मागणार नाही. मी नेली नव्हती. आता ती भरून, नाव-तारखेची चिठ्ठी आत टाकून दाराशी ठेवली आहे.